सरकारी मराठी शाळा बचाव चळवळ (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटकाच्या बेळगाव सीमाभागातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा बंद पडू नयेत, त्यांना शिक्षक, वर्गखोल्या आणि निधी मिळावा यासाठी पालक, शाळा सुधारणा समित्या, माजी विद्यार्थी आणि गावपंच करत असलेले प्रयत्न. या चळवळीला एक नेता नाही, एक कार्यालय नाही. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशी बेळगाव तालुक्यातली मोठी गावे, खानापूरचा जंगलपट्टा आणि निपाणी-चिकोडीचा परिसर ही तिची मुख्य क्षेत्रे. कारवार, हल्याळ, जोयडा, तसेच बिदर जिल्ह्यातील भालकी आणि औराद इथल्या मराठी शाळांचे दुखणेही फारसे वेगळे नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि मराठी शाळा भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा ठरल्या. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०अ हे कलम आले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक साधा निकष ठरवला होता : एका वर्गात १० किंवा सगळ्या शाळेत ४० मुले त्या भाषेची असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय बेळगावात काढण्यात आले, यावरून इथल्या प्रश्नाचे वजन लक्षात येते.

शाळा बंद होते ती आदेशाने, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आदेश सर्वांत शेवटी येतो. आधी निवृत्त शिक्षकाची जागा भरली जात नाही. मग दोन शिक्षकांवर पाच वर्ग येतात; त्यातला एक बैठकीला किंवा जनगणनेच्या कामाला गेला की उरलेल्याने सगळी शाळा सांभाळायची. पहिली ते तिसरीची मुले ‘नलीकली’ या खेळत शिकण्याच्या पद्धतीत एकत्र बसतातच, चौथी-पाचवीही त्यांच्या शेजारी येऊन बसते. हे पाहून ज्याला परवडते तो पालक मुलाला शहरातल्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. पट घसरतो, पट घसरला म्हणून आणखी एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून बदलीवर जातो आणि अखेर कमी पटाचे कारण दाखवून शाळा शेजारच्या शाळेत विलीन करायची शिफारस होते. खर्चातली कपात अंदाजपत्रकात ठळक दिसत नाही. ती रिकाम्या जागेच्या रूपाने गावात येते. म्हणून चळवळीतल्या जाणत्या माणसांचा खरा आग्रह मंजूर जागा राखण्यावर असतो, आणि तो रास्त आहे.

कधी कपात उघडही होते. जुलै २०१८ च्या राज्य अंदाजपत्रकात २८,८४७ शाळा जवळच्या ८,५३० शाळांत विलीन करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात कन्नड साहित्यिकही उतरले. सीमाभागात ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवायला हवी. मराठी शाळेची उपेक्षा भाषेमुळे होते हे खरे, मराठी शाळेवर मराठी न येणारा शिक्षक पाठवल्याची तक्रारही जुनीच आहे. पण पलीकडच्या गावातली कन्नड शाळाही त्याच हिशेबात सापडते. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते.

गावाच्या हातातले मुख्य साधन म्हणजे शाळा सुधारणा समिती, बोलीभाषेत ‘एसडीएमसी’. कर्नाटकात २००१ च्या सरकारी आदेशाने या समित्या आल्या. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक केले. याच कायद्याचे २६ वे कलम मंजूर शिक्षकांच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवू नयेत असे सांगते. निवेदनात हे कलम घातले की साहेबांना नुसते ‘बघतो’ म्हणून भागत नाही.

कामाची रीत ठरलेली आहे. खानापूरकडे जुलैत भाताची रोप लावणी चालते, दिवसा कोणी भेटत नाही. म्हणून बैठक रात्री जेवणानंतर देवळात किंवा शाळेच्या पडवीत होते. हजेरीपट पुढ्यात ठेवून कोणत्या वर्गात किती मुले, किती जागा मंजूर, किती भरलेल्या, हे वहीत उतरवतात. निवेदन मराठीत लिहून त्याचा कन्नड तर्जुमा जोडतात, कारण कचेरीचा कारभार कन्नडमध्ये चालतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत ते देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घेतात. पोच नसलेले निवेदन पुढच्या पायरीवर कुणी मोजत नाही. तिथे दाद लागली नाही तर शिक्षण उपसंचालक, मग जिल्हाधिकारी. त्यानंतर शाळेला टाळे किंवा रास्ता रोको. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरते तेव्हा मंत्री इथेच सापडतात.

दुसरी बाजू पट वाढवण्याची. एप्रिल-मे महिन्यांत शिक्षक आणि समितीचे सदस्य गल्लोगल्ली फिरून दाखलपात्र मुलांची यादी करतात. मे अखेरीस शाळा उघडतात तेव्हा नवीन मुलांचे वाजतगाजत स्वागत होते. महाराष्ट्र एकीकरण युवा समितीसारख्या संघटना मराठी शाळांत वह्या-साहित्य वाटतात. माजी विद्यार्थी कौले बदलून देतात, भिंती रंगवतात. काही गावांत वर्गणी काढून जादा शिक्षिकेचे मानधनही भागवले जाते. या मदतीला तोड नाही, मात्र तिच्यात एक धोका आहे : गावाने पगार भरला की सरकारची जागा रिकामीच राहते. त्यामुळे वर्गणी चालू असतानाच मंजूर जागेचे निवेदनही चालू ठेवणे भाग पडते.

प्राथमिक शाळा टिकली तरी सातवीनंतरचा प्रश्न उरतो. खानापूरच्या पश्चिम भागात मराठी हायस्कूल लांब पडते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण वाडीवर सकाळी वेळेत बसच आली नाही तर त्या सवलतीचा उपयोग काय? म्हणून शाळेच्या निवेदनातच आगार व्यवस्थापकाकडे सकाळ-संध्याकाळच्या फेरीची मागणी जोडली जाते.