घामट कपड्यांवर व्हिनेगर का चालत नाही

धुऊन वाळवलेला टी-शर्ट घडीत असतो तोवर त्याला वास नसतो. अंगात घातला की थोड्याच वेळात काखेतला तोच जुना घामट वास परत येतो. यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे पाण्यात व्हिनेगर घालणे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने हा उपाय उलटा आहे.

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतले कोरिनेबॅक्टेरियमसारखे जिवाणू त्यातली बिनवासाची संयुगे तोडतात आणि ३-मिथाइल-२-हेक्सेनॉइक आम्लासारखी मेदाम्ले मोकळी होतात. ही आम्ले पाण्यापेक्षा तेलात जास्त रमतात. पॉलिएस्टरचेही तसेच: पाणी जेमतेम शोषते, पण त्वचेचे तेल घट्ट धरून ठेवते. त्या तेलात आम्ले मुरतात आणि अंगाची ऊब मिळाली की हवेत उडतात. म्हणूनच ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ ही जाहिरात इथे फारशी कामाची नाही. जंतू मेले तरी त्यांनी बनवलेले आम्ल धाग्यातच राहते.

ते काढण्याची किल्ली सामूत, म्हणजे पीएचमध्ये आहे. हा पाण्याच्या आम्लतेचा आकडा: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली, म्हणजे सोड्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. मेदाम्ल दोन रूपांत असते: हायड्रोजनसकट असलेले रूप उडते आणि वास देते; हायड्रोजन आयन (भारित हायड्रोजन) सोडलेले विद्युतभारित रूप पाण्यात विरघळते आणि उडत नाही. सामू ४.८ च्या आसपास असताना दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. त्यापुढे सामू एकाने वाढला की वासाच्या रूपाचे भारित रूपाशी असलेले प्रमाण दहापट घटते. सामू ७.८ ला हजारात एखादाच रेणू वासाच्या रूपात उरतो, १० ला लाखात एखादा. व्हिनेगरच्या पाण्यात, सामू ३ ते ४ असताना, ८५ ते ९८ टक्के रेणू वासाच्याच रूपात राहतात. म्हणजे हवा आहे तो अल्कली.

घामात गंधकयुक्त थायोलही असतात. त्यांचे प्रमाण नगण्य, पण नाकाला ते पुरेसे होते. अल्कलीला ते फारसे दाद देत नाहीत. त्यांचे ऑक्सिडीकरणच करावे लागते. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचची पावडर, दोन्ही कामे करते, कारण पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो.

आधी कपडा उलटा करून काखेच्या भागावर एन्झाइमयुक्त द्रव डिटर्जंट चोळा आणि अर्धा तास ठेवा. लायपेज हे एन्झाइम तेल तोडते. मग ५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, परकार्बोनेट विरघळवून कपडा दोन ते चार तास भिजवा. पाणी ४० ते ५० अंश सेल्सिअस हवे. गार पाण्यात पेरॉक्साइडचे काम फार मंद चालते. नंतर नेहमीसारखा धुऊन भरपूर पाण्यात खळबळा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर धाग्यावर बसून पाणी आत शिरू देत नाही.

लोकर आणि रेशीम यात घालू नका, अल्कलीने ती खराब होतात. रंग टिकतो का ते आतल्या शिवणीवर आधी पाहा. द्रावण बंद बाटलीत साठवू नका, ऑक्सिजनच्या दाबाने ती फुटू शकते. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घातल्यास फेस दिसतो खरा, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर कधीच मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कपडा धुतल्यावर येणारा कुबट वास वेगळा. तो बहुतेकदा मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूचा असतो. ओले कपडे मशीनमध्ये तासन्‌तास पडून राहिले की तो वाढतो. त्याला परकार्बोनेट चालतेच, पण लगेच आणि पूर्ण वाळवणे जास्त महत्त्वाचे.