फायबरची सळई आणि कव्हरचा प्रश्न

सांगली-मिरजेकडच्या साइटवर ‘फायबरची सळई’ म्हटले की दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. एक, नव्या बांधकामात लोखंडाऐवजी टाकायची काचतंतूंची सळई. तिचे भारतीय मानक 2023 मध्ये आले. दुसरी, जुन्या बीमला बळकटी देण्यासाठी त्याच्या कव्हरमध्ये, म्हणजे लोखंडावरच्या काँक्रीटच्या थरात, खाच पाडून इपॉक्सीत (घट्ट चिकटणाऱ्या रेझिनमध्ये) बसवायची, बहुधा कार्बनची सळई किंवा पट्टी. हे टिपण दुसरीबद्दल आहे. पहिलीचे मानक दाखवून दुसरीचे काम पटवू नये, एवढे तरी पाळावे.

कल्पना जुनीच. 1940 च्या दशकाच्या अखेरीस उत्तर स्वीडनमधल्या एका पुलाच्या स्लॅबवर खाचा पाडून त्यांत पोलादी सळया सिमेंटच्या मसाल्यात बसवल्या गेल्या. इपॉक्सी नंतरची. आपल्या भागात तिचा मोठा वापर झाला तो कोयनेत: 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर धरणाच्या भेगा तिनेच भरल्या. 1990 च्या सुमारास युरोपात कार्बनच्या पट्ट्या पुलांना बाहेरून चिकटू लागल्या. पण ताण वाढला की त्या तुटण्याआधीच सुटतात. खाचेतल्या सळईला इपॉक्सी तीन बाजूंनी धरून ठेवते. म्हणून ती जुनी खाच पुन्हा आठवली, आणि 2008 मध्ये अमेरिकी मार्गदर्शिकेत शिरली.

खरा वाद कव्हरचा. खाच सळईच्या व्यासाच्या किमान दीडपट हवी, म्हणजे 8 मिमी सळईला 12 मिमी खोल. आपल्या 1978 च्या संहितेत स्लॅबला 15 मिमी कव्हर चालायचे. उरले 3 मिमी, तेही कागदावर. लोखंड साच्यापासून वर धरणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा सरकवलेल्या स्लॅबमध्ये कटर थेट लोखंडाला भिडतो. ‘खाच उथळ घ्या’ म्हणणारे सळई उघडी ठेवतात. ‘कव्हर काढून नवा मसाला भरा’ म्हणणारे त्या मसाल्याच्या पकडीवर विसंबतात. दुसरा मार्ग मला कमी वाईट वाटतो. आतले लोखंड किती खोल आहे ते दाखवणारे कव्हर मीटर न फिरवता खाचेची खूण करणे मात्र कोणत्याच मार्गात बसत नाही.

ती अमेरिकी मार्गदर्शिका आणखी एक अट घालते: कार्बन नसल्यासारखे धरूनही मूळ बीमने कायम भाराच्या (बांधकामाच्या वजनाच्या) 1.1 पट आणि वापरभाराच्या (माणसे, सामान) 0.75 पट एकत्र पेलावे. कारण साधे आहे. साइटवर मुरलेली इपॉक्सी साधारण 60 ते 80 अंशांत मऊ पडते. आग लागली तर सळई जागेवर असून कामाची नाही. ही अट अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून पहिली तीच गळते.

2005, 2019 आणि 2021 चे पूर आले. 2019 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले. बुडालेल्या तळमजल्यांत आणि क्षारपड जमिनीवरच्या कॉलममध्ये आधीच गंजू लागलेले लोखंड फुगतच राहते. कार्बन गंजत नाही. पण शेजारच्या सळईचा गंज तो थांबवतही नाही. कव्हर फुटले की खाच, इपॉक्सी आणि महागडी सळई एकत्रच खाली येतात.