आईस्क्रीम म्हणजे नुसती साखर? नाही हो!

आईस्क्रीममध्ये साखर सोडून काहीच नसतं हे कित्येक वर्षं ऐकतोय, पण ते अर्धसत्य आहे. साध्या व्हॅनिलाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २०० कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रोटीन आणि कॅल्शियम तर जवळपास तेवढ्याच दुधाइतकं असतं, शेवटी बनतं दूध आणि क्रीमचंच ना! (वनस्पती तेलाचं फ्रोझन डेझर्ट वेगळं, लेबल वाचा.)

म्हणून लगेच हेल्थ फूड म्हणून डबा संपवू नका, कारण त्याच १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या आसपास साखर असते, त्यातली थोडी दुधाची स्वतःची पण बाकी वरून घातलेली, आणि सॅच्युरेटेड फॅट वेगळंच. एक छोटा स्कूप, तोही अधूनमधून, मस्त एन्जॉय करा. डायबिटीस असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.