आधी चाहते, मग मासिके

जपानमध्ये अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका-चित्रपटांची, तीन मोठी मासिके दर महिन्याच्या 10 तारखेच्या सुमाराला स्टॉलवर येतात: अ‍ॅनिमेज, अ‍ॅनिमीडिया आणि न्यूटाइप. चकचकीत मुखपृष्ठ, आत घडी घातलेले पोस्टर, आवाज देणाऱ्या कलाकारांच्या मुलाखती. वरवर चाळले तर सगळा मामला स्टुडिओंच्या जाहिरातीचा वाटतो, आणि तो तसा बराचसा आहेही. पण सुरुवात दुसऱ्या टोकाने झाली होती.

‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही मालिका ऑक्टोबर 1974 मध्ये सुरू झाली, ती नेमकी रविवारी संध्याकाळी साडेसातला. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ लागायची. बहुतेक घरांनी हायडीला कौल दिला आणि 39 भागांची यामातो 26 भागांत गुंडाळावी लागली. पुनःप्रक्षेपणात मात्र शाळा-कॉलेजातली मुले तिच्यामागे वेडी झाली. त्यांनी गावोगावी चाहत्यांची मंडळे काढली, स्वखर्चाने पत्रके छापली. ऑगस्ट 1977 मध्ये मालिकेचेच तुकडे जोडून चित्रपट केला, तेव्हा थिएटरबाहेर आदल्या रात्रीपासून रांगा लागल्या.

हा वारा मिनोरी शोबो या लहान प्रकाशनसंस्थेने आधीच ओळखला होता. तिचे ‘आउट’ हे मासिक खरे तर सटरफटर उपसंस्कृतीसाठी काढलेले; पण 1977 मधल्या दुसऱ्याच अंकात यामातोवर भरगच्च विभाग दिला आणि अंक हातोहात संपला. मग ‘आउट’ अ‍ॅनिमेचेच होऊन गेले.

तेव्हा घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते. भाग एकदा प्रसारित झाला की हातचा गेला. त्यामुळे मासिकात छापलेली रंगीत दृश्ये, भागवार कथानक, पात्रांची रेखाटने हीच चाहत्याची साठवण होती. आणि आणखी एक गोष्ट मिळायची, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: नावे. हा भाग कोणी दिग्दर्शित केला, ही मारामारी कोणाच्या हातची, हे वाचकांना कळू लागले.

1978 च्या मे महिन्यात तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेने ‘अ‍ॅनिमेज’ काढले. संपादक हिदेओ ओगाता. पहिल्या अंकाची तयारी ऐनवेळी कोलमडली आणि काम तोशिओ सुझुकी यांच्या गळ्यात पडले. हाताशी जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि अ‍ॅनिमेची फारशी माहिती नाही. त्यांनी अ‍ॅनिमेवेड्या शाळकरी मुलींना गाठून विचारपूस केली. मुलींनी 1968 च्या ‘होरुस’ या चित्रपटाचे नाव सांगितले. सुझुकींनी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांना फोन लावला. पुढचा किस्सा सुझुकी अनेकदा सांगतात: आपण मुलाखत का देणार नाही, हे ताकाहातांनी तासभर समजावले आणि फोन शेजारच्या सहकाऱ्याकडे दिला. तो म्हणाला, मला खूप बोलायचे आहे, 16 पाने द्या. हा सहकारी म्हणजे हायाओ मियाझाकी. त्या अंकात दोघांचीही मुलाखत आली नाही, पण ओळख झाली ती झालीच.

पुढे मियाझाकींची चित्रपटाची कल्पना मूळ कथा आधी कुठे छापलेली नाही या सबबीवर नाकारली गेली. तर मग कथाच छापू, असे मासिकाने ठरवले. फेब्रुवारी 1982 च्या अंकापासून मियाझाकींची ‘नाउसिका’ ही चित्रकथा क्रमशः येऊ लागली आणि अधूनमधून थांबत 1994 पर्यंत चालली. मार्च 1984 मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला आणि 1985 मध्ये तोकुमाच्याच पैशावर मियाझाकी-ताकाहातांचा स्टुडिओ जिब्ली उभा राहिला. मासिकाच्या पोटातून स्टुडिओ जन्माला आल्याचे इतके ठळक उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

‘आउट’नेही काही कमी केले नाही. ‘गंडाम’ ही 1979 ची मालिका प्रेक्षकसंख्येअभावी 43 भागांवर थांबली, पण ‘आउट’ आणि ‘अ‍ॅनिमेक’ या मासिकांनी तिचा पिच्छा सोडला नाही. 1981 मध्ये ‘आउट’ने ‘गंडाम सेंच्युरी’ हा विशेषांक काढला. मालिकेतले यंत्रमानव अंतराळात इंधन न जाळता हातपाय हलवून दिशा कशी बदलतील, याचे गंभीर चेहऱ्याने लिहिलेले स्पष्टीकरण त्यात होते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे अधिकृत गंडामविश्वाने जशाच्या तशा उचलल्या.

मग लाट ओसरली. 1987 पर्यंत ‘माय अ‍ॅनिमे’, ‘द अ‍ॅनिमे’, ‘अ‍ॅनिमेक’ बंद पडली. ‘आउट’ 1995 पर्यंत तगले. कादोकावा या प्रकाशनसंस्थेने मात्र मार्च 1985 मध्ये मोठ्या आकाराचे ‘न्यूटाइप’ आणले. नाव थेट गंडाममधून घेतलेले, भर चित्रांवर आणि छपाईवर. चाहत्यांचा कट्टा मागे सरकला, दिवाणखान्यात ठेवावे असे देखणे मासिक पुढे आले. जाहिरातीचा वास इथून वाढला, असे माझे मत.

परदेशात हा प्रकार दशकभर उशिराने पोचला. फ्रान्समध्ये 1991 मध्ये ‘अ‍ॅनिमेलँड’, अमेरिकेत 1992 मध्ये ‘अ‍ॅनिमेरिका’. न्यूटाइपची अमेरिकी आवृत्ती 2002 मध्ये निघाली आणि 2008 च्या सुरुवातीला बंद झाली. तिच्या जागी आलेले ‘पीक्यू’ चार अंकांत आटोपले.

आपल्याकडे 1993 मध्ये दूरदर्शनवर मोगली आला, तोही जपानी अ‍ॅनिमेच होता, निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा. शीर्षकगीताचे गुलजार आजही सगळ्यांना आठवतात. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा कोणाला माहीत असतील? सांगणारे मासिकच नव्हते.

बातम्यांसाठी आता ही मासिके कोणी घेत नाही. त्या फोनवर आधीच वाचून झालेल्या असतात. जपानी चाहते पैसे मोजतात ते अंकासाठी मुद्दाम काढून घेतलेल्या चित्रांसाठी. न्यूटाइपच्या अशा पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत मूळ रेखाटन कोणाचे, रंग कोणाचे, पार्श्वभूमी कोणाची, हे छापलेले असते.