कपडे वाळवणे, दोरीवर

धुऊन पिळलेले कपडे दोरी, तार, दांडी किंवा घडीच्या स्टँडवर पसरून वारा व ऊन यांच्या साहाय्याने कोरडे करण्याची घरगुती पद्धत. ड्रायरमध्ये कपडे तापलेल्या हवेत घोळवले जातात. दोरीवर तेच काम भोवतालची हवा करते.

२५° से.च्या आसपास १ किग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४४० किलोजूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ ०.६८ युनिट. यंत्राने चांगले पिळलेल्या ५ किग्रॅ. कपड्यांत २.५ किग्रॅ.च्या आसपास पाणी उरते. ते घालवण्यास निदान १.७ युनिट उष्णता हवी. साध्या ड्रायरला ती सगळी विकत घ्यावी लागते (उष्णता पुन्हा वापरणाऱ्या हीट पंप ड्रायरला बरीच कमी), तर दोरीवरचा कपडा ती हवेतून आणि उन्हातून घेतो.

वाळण्याचे दोन टप्पे मानतात. पहिल्यात धाग्यांच्या पृष्ठभागावर पाणी मुबलक असते आणि वेग ठरतो तो हवेच्या कोरडेपणावर व वाऱ्यावर. सावलीत या काळात कपड्याचे तापमान हवेपेक्षा कमी, ओल्या फुग्याच्या तापमापकावरील (ज्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले असते अशा तापमापकावरील) तापमानाच्या जवळ राहते. ओला कपडा हाताला गार लागतो तो यामुळेच. दुसऱ्या टप्प्यात धाग्याच्या आतले पाणी सावकाश बाहेर येते व वाऱ्याचा प्रभाव घटतो. सदऱ्याची पाठ खडखडीत वाळलेली असताना कॉलर, खिशाची शिवण किंवा इलॅस्टिकचा पट्टा गार लागला, तर तेथील वाळणे चालूच आहे असे समजावे. ‘ऊन हवेच’ हा समज अतिशयोक्त आहे : कोरड्या हवेत, वारा खेळत असलेल्या सावलीत कपडे उत्तम वाळतात; दमट, स्तब्ध हवेत ऊन असूनही रेंगाळतात. हवा शून्य अंशाखाली असली, तरी गोठलेल्या कपड्यातील बर्फाची थेट वाफ होऊन कपडा हळूहळू सुकतो.

दोरीवर वाळलेला सुती टॉवेल कडक का होतो, याविषयी मते भिन्न आहेत. साबणाचे अवशेष व पाण्याचा जडपणा ही जुनी कारणे पूर्णतः चुकीची नाहीत. मात्र ती अपुरी वाटतात. २०२० मध्ये जपानमधील काओ कंपनी व होक्काइडो विद्यापीठ येथील संशोधकांनी मांडले, की सुती धाग्याच्या पृष्ठभागाला घट्ट धरून राहिलेले ‘बद्ध पाणी’ शेजारच्या तंतूंना एकमेकांशी चिकटवते. ड्रायरमध्ये किंवा वाऱ्यावर कपडा सतत हलत असल्याने हे सांधे टिकत नाहीत. कडक टॉवेल दोनचार वेळा जोरात झटकला की मऊ होतो, हा रोजचा अनुभव या मताशी अधिक जुळतो. त्याच वर्षी कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांना उन्हात वाळवलेल्या टॉवेलांत, घरात किंवा सावलीत वाळवलेल्यांत न आढळलेली काही अल्डिहाइडे व कीटोने (वास असणारी सेंद्रिय संयुगे) आढळली. उन्हात वाळलेल्या कपड्यांच्या ताज्या वासाचा उगम तेथे असावा. उलट, फार वेळ ओल्या राहिलेल्या कपड्यांचा कुबट वास जिवाणूंमुळे येतो. त्यांत मोराक्सेला ओस्लोएन्सिस प्रमुख मानला जातो.

साधनांपैकी दोरीचा उगम शोधण्यात अर्थ नाही. चिमट्याचे तसे नाही. चिरलेल्या लाकडी खुंटीचे श्रेय अमेरिकेतील शेकर पंथाला देण्याची प्रथा आहे; परंतु लाकडात एक चीर पाडली की होणारी ही वस्तू अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निघाली असण्याचा संभव जास्त. स्प्रिंगच्या चिमट्याचे पेटंट व्हरमाँटमधील डी. एम. स्मिथ यांनी १८५३ मध्ये घेतले. आजच्या वेटोळ्या स्प्रिंगच्या रूपाला १८८७ चे सोलन मूर यांचे पेटंट अधिक जवळचे आहे. अंगणातील फिरत्या उंचावणाऱ्या स्टँडचे जनकत्व ऑस्ट्रेलियात सर्रास लान्स हिल (ॲडलेड, १९४५) यांना दिले जाते. प्रत्यक्षात गिल्बर्ट टॉइन यांची अशा स्टँडची चार पेटंटे १९११ ते १९४६ या काळातील असून, बंदिस्त दंतचक्राने वर उचलला जाणारा त्यांचा लोखंडी नमुना १९२० च्या दशकातला आहे. हिल यांचे काम प्रसाराचे व उत्पादनाचे म्हणून मोठे. आद्य संशोधक म्हणून त्यांचे नाव टिकत नाही.

रंगीत कपडे उलटे करून सावलीत, तर लोकरीचे आडवे पसरून वाळवावेत. ओली लोकर स्वतःच्या वजनाने ओघळते. घरात वाळवताना सगळे पाणी खोलीच्या हवेत जाते, त्यामुळे खिडकी उघडी नसल्यास भिंतींवर बुरशी धरू शकते.

अमेरिकेत अनेक गृहसंकुलांचे नियम दृश्य बिघडते म्हणून बाहेर दोरी बांधण्यास मनाई करतात. फ्लोरिडा, व्हरमाँट आदी राज्यांनी कायद्याने अशा मनाईवर निर्बंध घातले आहेत.