कोठीपोटातील सूक्ष्मजीवांचे परस्परसंबंध

गाय, म्हैस, शेळी, मेंढी इत्यादी रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कोठीपोटात म्हणजे रूमेनमध्ये जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव), आदिजीव (प्रोटोझोआ) व कवके एकत्र राहतात. त्यांच्यातील देवाणघेवाण, स्पर्धा व भक्षण यांचा विचार या नोंदीत केला आहे. कोठीपोटात ऑक्सिजन जवळजवळ नसतो व तापमान ३९° से.च्या आसपास असते. तेथील १ मिलि. द्रवात साधारणपणे १,००० ते १०,००० कोटी जीवाणू व १ ते १० लाख आदिजीव आढळतात.

चारा आंबताना सुटणारा हायड्रोजन साचला, तर पुढचे किण्वन अडखळते. मिथेनकारी आर्किया तो कार्बन डाय-ऑक्साइडाबरोबर वापरून मिथेन बनवतात. हा वायू ढेकरेवाटे बाहेर पडतो. एका जातीने सोडलेला हायड्रोजन दुसरीने वापरणे याला ‘हायड्रोजन-हस्तांतरण’ म्हणता येईल (‘आंतरजातीय’ हे विशेषण मराठीत विवाहासाठी रूढ असल्याने येथे टाळले आहे). १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रुमिनोकॉकस आल्बस हा जीवाणू एकटा वाढवला असता ॲसिटेटबरोबर एथेनॉलही बनले. हायड्रोजन वापरणारा विब्रिओ सक्सिनोजेनिस (आता वोलिनेला सक्सिनोजेनिस) हा जीवाणू सोबत वाढवताच एथेनॉल बनणे थांबले. त्यामुळे शुद्ध संवर्धनात दिसणाऱ्या गुणांवरून जीवाणूचे कोठीपोटातील काम ठरवणे धोक्याचे ठरते.

आदिजीवांचे वर्णन ग्रुबी व देलाफों यांनी १८४३ मध्ये केले. त्यांच्या उपयुक्ततेचा वाद मात्र दीर्घकाळ चालला. डिप्लोडिनियम गटातील आदिजीव सेल्युलोज स्वतः पचवतात, असे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हंगेट यांनी १९४०च्या दशकात मांडले. हे काम आदिजीवांनी गिळलेल्या जीवाणूंचे असावे, असा आक्षेप होता. पुढे आदिजीवांच्याच जनुकसंचात सेल्युलोज-विघटक विकरांची (एन्झाइमांची) जनुके आढळली आणि त्यांतील काही मुळात जीवाणूंकडून आलेली दिसतात. हंगेट यांचे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. तरीही आदिजीव काढून टाकलेले जनावर जगते. आदिजीव जीवाणूंना खात असल्याने ते नसताना उलट अधिक जीवाणुजन्य प्रथिन आतड्यात पोचते. कोमट द्रवाचा थेंब प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आदिजीवांना चिकटलेले मिथेनकारी आर्किया निळसर-हिरवे चमकतात.

कवकांची ओळख उशिरा पटली. त्यांचे पोहणारे बीजाणू कशाभिकायुक्त (चाबकासारखे शेपूट असलेले) आदिजीव समजले जात. संशोधक ऑर्पिन यांनी १९७५ मध्ये ती कवके असल्याचे दाखवले.

महाराष्ट्रात चाऱ्यासाठी लावल्या जाणाऱ्या सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. कोठीपोटात त्यापासून डीएचपी हे गलगंडकारक द्रव्य तयार होते. हवाईतील शेळ्यांना या पाल्याचा त्रास होत नाही, असे दिसल्यावर संशोधक रेमंड जोन्स व सहकाऱ्यांनी त्या शेळ्यांच्या कोठीपोटातील जीवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांत सोडले आणि तेथे डीएचपीचे विघटन सुरू झाले. या जीवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टीस जोन्सी हे नाव मिळाले. तो मूळचा केवळ काही प्रदेशांपुरता होता, हे मत आता पूर्वीइतके ठामपणे मांडले जात नाही.