गीझरचा १६ ॲम्पियरचा पॉइंट आणि गाडी चार्जिंगचा १६ ॲम्पियरचा पॉइंट, यात नेमका फरक काय?

इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलात की शोरूममधे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काही नाही सर, घरी गीझरला असतो ना तसा सोळा ॲम्पियरचा पॉइंट लागतो फक्त". आता हे खोटं नाहीये, सॉकेट तोच असतो, तीच तीन जाड भोकं, त्याच कंपन्यांचा, दुकानात मागितला तर दोन्हीसाठी एकच डबी काढून देतात. म्हणून मीही गाडी आल्यावर पहिले तीन आठवडे खालच्या बाथरूमच्या गीझर पॉइंटवरनंच चार्ज केली, व्हेंटिलेटरच्या काचेची एक पट्टी काढून केबल बाहेर पोर्चमधे घ्यायची आणि रात्री लावून झोपायचं. चौथ्या आठवड्यात पहाटे बायको म्हणाली काहीतरी जळतंय, जाऊन बघतो तर सॉकेटची खालची बाजू चॉकलेटी पडलेली, प्लग काढायला गेलो तर भोकात चिकटलेला. आणि खाली डीबीमधे, म्हणजे घरभर वीज वाटून देणाऱ्या बोर्डात, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) छान वर, जणू काही झालंच नाही.

तिथनं मग वायरमनला विचार, मल्टिमीटर घे, असं करत जे कळलं ते लिहितोय.

पहिला आणि सगळ्यात मोठा फरक वेळेचा. साधा २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ ॲम्पियरच्या आसपास घेतो, १५ लिटरची टाकी पंधरा-वीस मिनिटात तापते आणि थर्मोस्टॅट स्वतःच बंद करतो. गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर तो १४ ॲम्पियरच्या वर घेतो, आणि ३० युनिटची बॅटरी जवळजवळ रिकामी असेल तर नऊ-दहा तास सलग घेतो, मधे एक मिनिट उसंत नाही. म्हणजे सॉकेटवर लिहिलेल्या १६ च्या अगदी काठावर, रात्रभर. गीझरमुळे सॉकेट जरा गरम झाला तरी तो थंड व्हायला दिवस मोकळा असतो, गाडीच्या बाबतीत तो थंड होतच नाही.

त्यात करंट दीडपट-पावणेदोनपट झाला की उष्णता तेवढीच वाढत नाही, वर्गाने वाढते. समजा जुन्या सॉकेटच्या पितळी पट्ट्या सैल झाल्यात आणि तिथे ०.१ ओहम इतकाच रेझिस्टन्स आलाय. गीझरच्या करंटला तिथे साडेसात वॉट उष्णता होणार, गाडीच्या करंटला वीस. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं हो! ते प्लॅस्टिकच्या बंद डबीत नऊ तास चालू ठेवल्यासारखं झालं हे.

आणि एमसीबी का नाही पडला, तर त्याला फक्त करंट दिसतो. सैल कॉन्टॅक्टमुळे करंट वाढत नाही, तो १४ चा १४ च राहतो, म्हणून एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच तो पडणार, सॉकेट वितळताना तो बघतही नाही. "एमसीबी आहे ना, मग काय टेन्शन" हे मी पण लोकांना सांगायचो आधी.

आता भिंतीच्या आत. गीझरची लाइन बऱ्याच घरात २.५ स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरची असते, आणि खूपदा लूप मारलेली असते, म्हणजे तीच वायर पुढे वॉशिंग मशीनला नाहीतर किचनच्या पॉइंटला गेलेली, आणि बिल्डरने कुठे काय जोडलंय हे त्याचं त्यालाच माहीत. जुन्या बिल्डिंगमधे तर ॲल्युमिनियमच्या वायरी निघतात. गाडीच्या पॉइंटची लाइन डीबीपासून थेट, एकटी, मधे कुठेही जोड नाही अशी हवी, आणि तांब्याची किमान ४ स्क्वेअर एमएम. अंतर जास्त असेल, सोसायटीत मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत तीस मीटर वगैरे, तर मग अजून जाड. २.५ च्या वायरने तीस मीटरवर सहा-सात व्होल्ट वायरीतच जातात, म्हणजे जवळपास ९० वॉट रात्रभर भिंत तापवायला, आणि त्याचं बिल आपणच भरायचं.

जाड वायरीची पण एक गंमत आहे. ती छोट्या मॉड्युलर सॉकेटच्या टर्मिनलमधे सहज शिरत नाही, मग काही वायरमन काय करतात, पक्कडीने चार-पाच तारा छाटून बारीक करून बसवतात! समोर उभं राहून बघा. त्यापेक्षा एसी बॉक्स म्हणतात तो घ्या, पत्र्याच्या डबीत सॉकेट आणि एमसीबी एकत्र असतो तो, त्याचे टर्मिनल मोठे असतात आणि पट्ट्यांची पकड घट्ट असते, फक्त आपला प्लग त्यात बसतोय का ते दुकानातच लावून बघायचं. निळे गोल इंडस्ट्रियल सॉकेट त्याहून दणकट असतात, पण गाडीचा चार्जर बहुतेक वेळा साध्या तीन पिनांचा येतो आणि तो प्लग कापून दुसरा लावला तर वॉरंटीचा प्रश्न येतो, त्यामुळे त्या भानगडीत मी पडलो नाही. ६ आणि १६ दोन्ही पिना बसतात तो कॉम्बाइंड सॉकेट मात्र गाडीला नकोच.

अर्थिंग. गीझर अर्थिंगशिवाय पण पाणी तापवतो, वर्षानुवर्षे तापवतो, म्हणून आपल्याकडे किती घरात अर्थिंगचा नुसता हिरवा वायरच आहे आणि खाली काही नाही हे कुणाला कळतच नाही. गाडीचा चार्जर आधी अर्थ तपासतो, नसेल तर लाल लाइट लावतो आणि चार्जच करत नाही. इथे एक भयानक जुगाड चालतो, सॉकेटमधेच न्यूट्रल आणि अर्थला वायरच्या तुकड्याने जोडून देतात, लाइट हिरवा होतो, सगळे खूश. पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या अख्ख्या बॉडीवर २३० व्होल्ट येणार, आणि पावसात ओल्या पायाने दार उघडायला आपणच जाणार. कुणी असं सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही व्होल्ट जवळपास सारखे यायला पाहिजेत आणि न्यूट्रल-अर्थ शून्याच्या जवळ. कोकणात जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तिथे मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, नाहीतर जानेवारीत चालणारा चार्जर एप्रिल-मे मधे रुसतो.

मग आरसीसीबी. हा दिसायला एमसीबीचाच भाऊ, फक्त टेस्टचं बटण जास्त, त्यामुळे लोक दोन्हीची गल्लत करतात. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, कारण फेजमधनं गेलेला करंट न्यूट्रलमधनं पूर्ण परत येत नाहीये हे त्याला कळतं. गाडीसाठी ३० मिलिॲम्पियरचा, म्हणजे तेवढ्या गळतीला पडणारा हवा, आणि दुकानदार देईल तो उचलायचा नाही, त्यावर टाइप बघायचा. साधा एसी टाइप गाडीला पुरत नाही, कारण गाडीतला चार्जर एसीचं डीसी करतो आणि गळतीतही डीसी मिसळू शकतं, म्हणून किमान ए टाइप. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मधे चार्जिंग स्टेशनसाठी जे सुरक्षेचे नियम केले त्यातही हेच आहे, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिॲम्पियर, किमान ए टाइप, सॉकेट जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या वर, आणि एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नाही. नियम स्टेशनसाठीचे असले तरी वीज घरातली काय आणि तिथली काय. ८०० मिलिमीटरचं तर ज्यांच्या पार्किंगमधे जुलैत पाणी भरतं त्यांना समजावायला नको.

राहिला तो गाडी चार्ज करायला भिंतीवर कायमचा बसवतात तो ७.२ किलोवॅटचा बॉक्स. लोकांना वाटतं तो चार्जर, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो, बॉक्स फक्त गाडीशी बोलणी करून वीज सोडतो. गाडीतला चार्जर ३.३ चाच असेल तर ७.२ चा बॉक्स लावून एक मिनिटही वाचत नाही. गाडी ७.२ घेत असेल तर करंट ३१-३२ ॲम्पियर, तिथे तीन पिनांचा सॉकेट विषयच नाही, वायर थेट बॉक्समधे जाते, ६ स्क्वेअर एमएमच्या खाली नाही, आणि त्याआधी वीज कंपनीकडे मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो. एक बरं आहे त्यात, सैल व्हायला प्लगच नाही.

माझ्याकडे शेवटी पोर्चमधे एसी बॉक्स बसवला, झाकण लावून, कमरेच्या वर, डीबीपासून वेगळी ६ ची लाइन, कारण पाइप आणि मजुरी तेवढीच लागते आणि पुढे ७.२ चा बॉक्स लावायचा झाला तर भिंत परत फोडायला नको. अजूनही सवय म्हणून चार्ज लावल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जाऊन प्लगला हात लावून बघतो, कोमट असला तर ठीक, हात पटकन मागे आला तर बंद करून वायरमनला फोन. बाथरूममधे नवीन सॉकेट घातलाय, तिथे फक्त गीझर.